आप्पांचा रद्दलेख

पोस्टमननं मोटारसायकल बांधाला लावली तेव्हा सिंधूबाई गुलछडीच्या सरीत खुरपत होती. कळ्यांचं बारदान पहाटेच टेम्पोत गेलं होतं, आता उन्हं चढायच्या आत दोन सऱ्या उरकायच्या एवढंच तिच्या डोक्यात होतं. रजिस्टर पत्र आहे, सही पाहिजे, असं पोस्टमन म्हणाला. तिनं मातीचे हात दाखवले आणि नवऱ्याला हाक मारली.

ईश्वर ठिबकची फुटलेली नळी जोडत बसला होता. त्यानं सही केली, पाकीट दातानं फोडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. वाचून हसला.

हौसराव आप्पांच्या मुलाच्या, विक्रमच्या वकिलाची नोटीस होती. हौसराव आप्पा आणि ईश्वर यांच्यात सहा वर्षांमागं जमिनीच्या अदलाबदलीचा करार झाला आहे, त्याप्रमाणे रस्त्याकडचा दीड एकर आप्पांच्या नावे पंधरा दिवसांत पक्क्या दस्तानं करून द्यावा आणि नदीकडची अडीच एकर मळई ताब्यात घ्यावी, नाहीतर कोर्टात दावा लावू, असं त्यात होतं. रस्त्याकडचा दीड एकर म्हणजे सिंधूबाई ज्या मातीत आत्ता गुडघे टेकून बसली होती तोच. याशिवाय त्यांना दुसरी जमीन नव्हती.

"हसताय काय?" ती म्हणाली.

"अगं, त्यो करार म्या माज्या हातानं फाडलाय," ईश्वर म्हणाला. "इक्रमला म्हाईत न्हाई का? येडं झालंय ते."

त्यानं नोटिशीची घडी केली, टोपीत खोचली आणि पुन्हा नळीला भिडला. सिंधूबाईचं खुरपं मात्र त्या दिवशी दोनदा गुलछडीच्या कांद्याला लागलं.

करार झाला तो कुणाच्या लबाडीनं झाला नव्हता. आप्पांना तेव्हा रस्त्याकडेला गोठा घालायचा होता आणि ईश्वरला वाटत होतं, दिडाच्या जागी अडीच एकर मिळतंय, तेही नदीच्या गाळाचं, पाण्याची ददात नाही. आप्पा मोठे बागाईतदार, सोसायटीत त्यांचा शब्द चालणारा. ईश्वर फुलं करणारा, लहान माणूस. पण दोघांचं जुनं होतं, अडीअडचणीला एकमेकांच्या बांधावर जाणं होतं. दोघं दौंडला गेले, रजिस्टर कचेरीत करार नोंदवून आले, येताना वरवंडला उतरून दोघांनी मिसळ खाल्ली. पक्का दस्त दिवाळीनंतर करू म्हणाले. त्या आधीच नांगर बदलले. ईश्वर मळईत गेला आणि आप्पांची माणसं रस्त्याकडं आली.

मग श्रावणात वरच्या धरणांनी पाणी सोडलं. भीमा दोन दिवस गावात होती. ती ओसरली तेव्हा मळईतली एकराहून जास्त माती तिनं ओढून नेली होती आणि उरलेल्यावर वाळूचा गुडघाभर थर दिला होता. ईश्वरनं लावलेल्या वांग्याचं एक रोप दिसत नव्हतं. सिंधूबाई काठावर बसून रडली होती, मोठ्यानं, लाज न धरता. आप्पा चिखलातून काठी टेकत आले आणि तिच्याशेजारी उभे राहिले.

"ईश्वरा," ते म्हणाले, "म्या तुला जमीन दिली हुती, नदी दिली न्हवती. ह्यो वेव्हार मला पचायचा न्हाई."

त्या सोमवारी त्यांनी सगळ्यांना भैरवनाथाच्या देवळात बोलावलं. सगळे म्हणजे ईश्वर, सिंधूबाई, आप्पांची बायको सारजाबाई नारळ घेऊन, आणि देवळाचे गुरव. आप्पांनी आपल्याकडचा कराराचा कागद काढला, ईश्वरनं आपल्याकडचा. दोघांनी पिंडीसमोर टराटरा फाडले. मग बेलभंडारा उचलला. ज्याचं त्याला, मागं बोलणं नाही. आप्पांनी अंगठा भंडाऱ्यात बुडवून ईश्वरच्या कपाळाला लावला, कागदाचे तुकडे धुपाटण्यात टाकले आणि सारजाबाईनं नारळ फोडला. बाहेर पडताना ईश्वरनं एकदा विचारलं होतं, दौंडला जाऊन यावं लागेल का म्हणून. देवासमोर मोडलं ते आणखी कुठं मोडायचं, असं आप्पा म्हणाले. करार करायला दौंडला गेलेल्या दोघांनाही मोडायला तिथंच जावं लागतं हे सुचलं नाही. गावात आजवर जे जे मोडलं, वाटण्या म्हणा, सोयरिकी म्हणा, ते ह्याच देवळात मोडलं होतं, आणि मोडलेलं राहिलं होतं.

पुढं दोन गोष्टी झाल्या. भीमेवर शिरूरकडं जाणारा पूल झाला आणि ज्या रस्त्यानं बैलगाड्या जायच्या त्यावरून कुरकुंभच्या कंपन्यांचे कंटेनर जायला लागले. रस्त्याकडेची जमीन विक्रमला गोदामासाठी दिसायला लागली. दुसरी गोष्ट, आप्पांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. गुरव त्याआधीच वारले होते.

*

वकीलबाईंचं नाव रश्मी. दौंडला त्यांची खोली होती, तिच्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि फायली. ईश्वर खुर्चीवर बसायला तयार होईना, म्हणून सिंधूबाईही उभी राहिली. शेवटी बाईंनीच रागावून बसवलं.

ईश्वरनं सगळं सांगितलं आणि शेवटी हात झाडले. "फाडला की वो म्याडम. कागुदच न्हाई तर करार कुठला?"

फाडली ती तुमची प्रत, असं रश्मीबाई म्हणाल्या. करार कचेरीत शाबूत आहे, विक्रमनं त्याचीच नक्कल काढली आहे. नोंदलेला करार मोडायचा तर तोही तिथंच, दोघांच्या सह्यांनी. त्याला रद्दलेख म्हणतात. तो केला नाही तर कोर्टाकडून करार रद्दबातल ठरवून घ्यायचा. तिथं साक्षीदार लागतो आणि वर्षं जातात.

"द्येव साक्षीला हुता," ईश्वर म्हणाला.

"भैरवनाथाला समन्स कसं काढू मी?"

बाई चेष्टेनं म्हणाल्या, पण ईश्वरची मान खाली गेली. सहा वर्षं हा माणूस पारावर ते देवळातलं सांगत आला होता. आप्पांनी कसा कागद काढला, मी कसा काढला. जन्मात एकच मोठं काम त्याच्या हातून झालं होतं, आणि ते झालंच नाही असं आता त्याला ऐकावं लागत होतं. सिंधूबाईला त्याची कीव आली आणि रागही आला.

तिनं विचारलं, "म्याडम, रद्दबातल म्हंजी कसं? केलंच न्हवतं आसं, का केलं हुतं आन् मोडलं आसं?"

रश्मीबाईंनी पेन खाली ठेवलं. प्रश्न चांगला आहे म्हणाल्या. "काही करार मुळातच नसतात, बाई. वेड्यानं केला, अजाण पोरानं केला, तर तो कायद्याला झालेलाच नसतो. तुमचा तसा नाही. शहाण्या माणसांनी राजीखुशीनं केलेला आहे. तो मोडला असं कुणीतरी दाखवून देईपर्यंत जिवंत आहे."

मग त्यांनी वाट सांगितली. करार आप्पांच्या नावे आहे, विक्रमच्या नाही. आप्पा स्वतः कचेरीत आले, त्यांनी रद्दलेखावर अंगठा दिला आणि तिथल्या साहेबासमोर हो म्हणाले, तर काम एका दिवसात होईल. आप्पांना बोलता येतं का?

नवराबायकोनं एकमेकांकडं पाहिलं. आप्पांना एकच शब्द बोलता यायचा. झटक्यानं सगळे शब्द नेले आणि एक ठेवला. जेवलात का विचारा, ते म्हणायचे, व्हय. दुखतंय का, व्हय.

परतीच्या एसटीत ईश्वरला पुन्हा हुरूप आला. "बग सिंधू," तो म्हणाला, "आपल्याला पायजे तेवडाच शबुद आप्पांपाशी उरलाय."

विक्रमनंही आप्पांच्या वतीनं दावा लावायचं मुखत्यारपत्र त्याच शब्दावर करून घेतलं असेल, हे सिंधूबाईच्या मनात आलं.

*

विक्रम सोसायटीच्या मीटिंगला गेल्याचं बघून ती दुपारी आप्पांच्या घरी गेली. हातात नेहमीसारखी फुलांची पुडी होती. दर गुरुवारी ती द्यायची, आज मंगळवार होता, आणि सारजाबाईनं ते लगेच ओळखलं.

आप्पा पडवीत खाटेवर होते. एकेकाळी ह्या माणसाच्या खाकरण्यानं गडी कामाला लागायचे. आता तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि सारजाबाई ती पदरानं टिपत होती. उजवा हात उशीवर दुसऱ्या कुणाचा ठेवल्यासारखा पडला होता. डोळे मात्र सिंधूबाई आल्यापासून तिच्यावर होते.

तिनं आडपडदा ठेवला नाही. देवळात काय झालं ते तुम्ही पाहिलंय, तुम्हीच नारळ फोडला, कोर्टात एवढं सांगाल का, असं सारजाबाईला विचारलं.

"पोटच्या पोराच्या म्होरं उभी ऱ्हाऊन सांगू व्हय गं?" सारजाबाई म्हणाली. "मग ह्याच घरात भाकरी खाऊ?"

सिंधूबाई म्हातारीच्या जागी असती तर तीही हेच म्हणाली असती. ती उठायला लागली तसं सारजाबाईनं तिचं मनगट धरलं. विक्रम पुढच्या सोमवारी सोसायटीच्या सहलीला जातोय, दोन दिवस. आप्पांनी दिलेला शब्द आप्पांनी निस्तरावा, मी आणून देते, असं ती हळू आवाजात म्हणाली. साक्ष मात्र मागू नको.

निघताना सिंधूबाई खाटेशी वाकली. "आप्पा, आपला करार तुमी मोडला हुता ना?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

तिला बरं वाटलं. पण मन गप बसेना. तिनं मागं बघितलं, सारजाबाई आत पाणी आणायला गेली होती. ती पुन्हा वाकली आणि पुटपुटली, "आन् रस्त्याकडची जमीन तुमची ना, आप्पा?"

"व्हय."

घरी येताना ती मनात ताडून बघत होती. सगळं कळूनही जिभेला दुसरं वळणच उरलं नाही, की ह्या माणसाला काहीच कळत नाही? काहीच कळत नसेल तर आपण आणि विक्रम यांच्यात फरक काय? त्यानं एका कागदावर अंगठा घेतला, आपण दुसऱ्या कागदावर घेणार. हे तिनं ईश्वरला सांगितलं नाही. पुढचे पाच दिवस पहाटे कळ्या तोडताना, ओल्या बारदानात भरताना, शेणाच्या पाट्या वाहताना हेच मनात घोळत राहिलं. एकदा वाटलं, नको न्यायला म्हाताऱ्याला. मग उठून तिनं सरीकडं पाहिलं. चवड्यांवर बसून खुरपून वाढवलेली बाग आणि पलीकडं नदीची वाळू. न्यायचंच, असं तिनं ठरवलं. लाज वाटत होती, तरी ठरवलं.

*

सोमवारी बिरदेवचा फुलांचा टेम्पो सांगितला होता. कळ्या उतरवून तो आठला परत आला. हौद्यात रिकाम्या बारदानांची गादी केली आणि आप्पांना वर चढवलं. सारजाबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रस्त्याकडच्या प्लॉटवरून टेम्पो गेला तेव्हा आप्पांनी मान वळवून बघितलं, इतकंच.

कचेरी वरच्या मजल्यावर होती. चाकाची खुर्ची कुठं मिळेना. शेवटी खालच्या चहावाल्याची प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली आणि ईश्वर आणि बिरदेवनं आप्पांना त्यात बसवून जिना चढवला. मधल्या वळणावर आप्पांचं धोतर ओलं झालं. लोक बाजूला सरले, कुणी नाकाला रुमाल लावला. सारजाबाईनं पिशवीतलं दुसरं धोतर काढलं आणि भिंतीकडं तोंड करून, आडोशाला सिंधूबाईचा पदर धरून बदललं. ज्या कचेरीत आप्पा आले की शिपाई उठून उभा राहायचा, त्याच कचेरीचा तो जिना होता. आप्पांचे डोळे मिटलेले होते.

दोन तास बसल्यावर नाव पुकारलं. रश्मीबाईंनी रद्दलेख टेबलावर ठेवला. उभयपक्षी राजीखुशीनं सदर करार आजपासून रद्दबातल करण्यात येत आहे, असं त्यावर होतं. ईश्वरनं सही केली. आप्पांचा अंगठा मशीन घेईना. डावा अंगठा कापडानं पुसला, पाण्यानं पुसला, तरी लाल दिवाच. शेवटी साहेब म्हणाला, शाईचा घेऊ, पण आधी विचारू द्या. शिपायानं शाईचं पॅड आणून आप्पांच्या डाव्या अंगठ्याला शाई लावून ठेवली.

साहेब तरुण होता, वाईट माणूस नव्हता. तो खुर्ची ओढून आप्पांसमोर आला आणि मोठ्यानं, सावकाश बोलला.

"आजोबा, हा करार तुम्हाला रद्द करायचाय?"

"व्हय."

ईश्वरनं सिंधूबाईकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचं हसू होतं.

"नाव काय तुमचं?"

"व्हय."

साहेब थांबला. त्यानं रश्मीबाईंकडं बघितलं, मग पुन्हा आप्पांकडं.

"तुम्हाला इथं जबरदस्तीनं आणलंय का?"

"व्हय."

"म्हणजे करार चालू ठेवायचाय तुम्हाला?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

साहेबानं खुर्ची मागं सारली. याला संमती म्हणता येत नाही मॅडम, माणूस समजून बोलतोय असं मला लिहावं लागतं, असं तो म्हणाला. रश्मीबाई भांडल्या. शब्द गेलाय, समज गेलेली नाही, डॉक्टरचा दाखला आणते, म्हणाल्या. तो आणा, मग बघू, तोवर नाही, असं साहेबाचं म्हणणं पडलं. विक्रम परवा परत येणार होता. त्यानंतर आप्पा ह्या जिन्यावर पुन्हा दिसणार नव्हते, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

सिंधूबाईचं लक्ष बोलण्याकडं नव्हतं. ती आप्पांच्या डाव्या हाताकडं बघत होती. तो हात टेबलावरून सरकत सरकत कागदापर्यंत गेला. रद्दलेख ओढला. आप्पांनी तो डोळ्यांजवळ नेला, वरचा शिक्का बघितला, मग कागदाचा कोपरा दातांत धरला आणि हातानं खाली ओढलं.

टर्रकन आवाज झाला तसे सगळे वळले.

आप्पांनी राहिलेला तुकडा पुन्हा दातांत धरला आणि पुन्हा फाडला. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, हनुवटीवरून लाळ वाहत होती. ईश्वर त्यांना धरायला खाली वाकला. तेव्हा आप्पांनी त्याचा चेहरा निरखला आणि डावा अंगठा, शाईनं निळा झालेला, त्याच्या कपाळाला लावला. जरा दाबून, खालून वर.

ईश्वर तिथंच फरशीवर बसला. त्याला हुंदका आवरेना.

"बघा," साहेब म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "त्यांनी दस्तच फाडला. आता मी काय लिहू?" त्यानं रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, पक्षकाराची संमती नाही, सबब दस्त नाकारला.

सिंधूबाई तुकडे गोळा करायला लागली. सहा दिवस जो प्रश्न तिला खात होता त्याचं उत्तर मिळालं होतं. आप्पांना सगळं कळत होतं. मोडायचं म्हणजे काय करायचं हे त्यांना जसं ठाऊक होतं तसंच त्यांनी केलं होतं, भरकचेरीत, जीव एकवटून. आणि त्यामुळंच जमीन हातची चालली होती. तिला आनंद व्हावा की तिनं ऊर बडवून घ्यावा, तिला कळेना.

सारजाबाई साहेबाच्या टेबलाशी गेली.

"सायेब, आत्ता ह्यांनी जे केलं ना," ती म्हणाली, "तेच सा वर्सांमागं देवळात केलं हुतं. आसंच फाडलं, आन् आसाच अंगठा लावला ह्याच्या कपाळाला. मी तवा बी हुते."

साहेबानं पेन थांबवलं. "तुम्ही कोण?"

"मालकीण त्यांची. इक्रमची आई."

"आजी, हे मला सांगून उपयोग नाही. हे कोर्टात सांगावं लागतं."

सारजाबाई टेबलापासून वळली. मग खाली बसलेल्या सिंधूबाईपुढं तिनं हात पसरला. सिंधूबाईनं तुकडे तिच्या हातावर ठेवले. म्हातारीनं ते एकावर एक नीट लावले, पदराच्या टोकात बांधले, गाठ दातानं ओढून पक्की केली आणि कमरेला खोचली. आप्पांच्या हनुवटीवरची लाळ टिपली.

"सिंधू," ती म्हणाली, "कोर्ट कुठल्या अंगाला हाय गं?"